धाकटीचा अंगठा

माझी धाकटी बहीण पन्नाशीच्या पुढे गेली, तरी घरात तिला अजून सगळे धाकटीच म्हणतात. मन सहा-सात वर्षांच्या पोरीचं, हात मात्र कामाला पक्के. ती शेण काढते, भांडी घासते आणि उरलेला वेळ ओसरीच्या कट्ट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "जेवलास?" म्हणून विचारते. ऊसतोडीचा मुकादम असो नाहीतर मोटारीतून आलेला कारखान्याचा माणूस, प्रश्न तोच. उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. गावातली माणसं आता लांबूनच "जेवलो गं" असं ओरडत येतात.

तिची आणखी एक खोड आहे. जो माणूस आवडतो त्याच्या चपला ती लपवते, म्हणजे त्याने जाऊ नये. मी फौजेत कारकून होतो. रजा संपून निघायच्या दिवशी माझे बूट हमखास गायब. कधी कडब्यात, कधी चुलीमागच्या लाकडांत, एकदा तर ज्वारीच्या कणगीत. त्या वेळी बूट सापडेपर्यंत कराडची एस.टी. गेली, पुढची आगगाडी गेली, आणि एक दिवस उशिरा हजर झालो म्हणून साहेबाकडून जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला सांगणार तरी काय, बहिणीने बूट दडवले म्हणून?

हे सगळं आधी सांगून घेतोय, कारण पुढचं माझ्या तोंडातून सहज निघत नाही. या बहिणीचा वाटा मी स्वतःच्या नावावर करून घेतला. भांडण नाही, तंटा नाही, हसत-खेळत. आणि बरीच वर्षं मला त्यात काही चुकलंय असं वाटलंही नाही.

मी पेन्शनवर आलो त्याच वर्षी वडील गेले. वारस म्हणून सातबाऱ्यावर आईचं, थोरल्या बहिणीचं, माझं आणि धाकटीचं अशी चार नावं लागली. आमच्या भागात पुढचं काम ठरलेलं असतं. बहिणींनी तालुक्याला यायचं, हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या आणि भावाने त्यांना साडीचोळी करायची. लेकींना कायद्याने हिस्सा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तो मागायचा नसतो हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मागितला तर माहेर तुटतं.

थोरलीला आमच्याकडून आटपाडीला दिलेली. कृष्णेच्या पाण्याच्या गावातून टँकरच्या गावात. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती पहाटेची एस.टी. धरून आली आणि तोंडातून अवाक्षर न काढता सही करून मोकळी झाली. आईने अंगठा दिला. मग कागद लिहिणारा म्हणाला, "आणखी एक बहीण हाय न्हवं? तिचापण लागंल." मी म्हटलं, हाय की. बाकावर पाय हलवत बसलेल्या धाकटीला उठवून आणलं आणि तिचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

कागदात लिहिलं होतं, 'राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला बळी न पडता.' टेबलामागच्या माणसाने मान वर करून विचारलं, "यांना समजतंय ना?" मी म्हणालो, "समजतंय की. जरा भोळी हाय, एवढंच." भोळी. माझा तो शब्द मला आजही ऐकू येतो.

धाकटीला ते काम फार आवडलं. पान उलटलं की अंगठा, पान उलटलं की अंगठा. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी गरम भजी खाल्ली. तिने उजव्या हाताने खाल्ली आणि डावा अंगठा वेगळा धरून ठेवला, शाई पुसू नये म्हणून. दोन दिवस त्या हाताला तिने पाणी लागू दिलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "मी सई केली." आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो.

गंमत अशी की पलटणीत माझं कामच कागदांचं होतं. नवा जवान आला की त्याच्यामागे लागायचो, बाबा, वारसाचं नाव लिही, उद्या तुला काही झालं तर घरच्यांनी कुठे जायचं? शेकडो पोरांच्या घरची काळजी मी अशी दमदाटी करून कागदावर आणली. आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार.

हे ध्यानात आलं ते मिरजेच्या इस्पितळात. छातीत कळ आली म्हणून नेलं होतं, एक नळी घालून डॉक्टरांनी परत पाठवलं. पुण्याहून मुलगा धावत आला. चांगला पोरगा आहे, संगणकाच्या कंपनीत आहे, माणुसकी सोडलेली नाही. माझा हात धरून म्हणाला, "आप्पा, तुम्ही कसलीच काळजी करू नका. आजीचं मी बघतो. आत्याचीपण कुठंतरी चांगली सोय करू."

कुठंतरी. धाकटीने आमच्या गावाबाहेर चार रात्रीदेखील काढलेल्या नाहीत. ज्या दिवशी कट्ट्यावरून कुणाला "जेवलास?" विचारता येत नाही, त्या दिवशी ती स्वतः जेवत नाही. मुलाच्या बोलण्यात खोट नव्हती, पण मी तिथे पडल्या-पडल्या मनात कागद लावून पाहिले. मी गेलो की जमीन-घर मुलाचं. धाकटीचं काय? तिच्या नावावर वाटीएवढीदेखील वस्तू नव्हती. उद्या कुणी तिला घराबाहेर काढलं नाही, तर तो त्याचा चांगुलपणा. नसला चांगुलपणा, तर ती कुठे दाद मागणार? हे मीच करून ठेवलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

सांगलीत विश्रामबागला माझ्या पलटणीतल्या जोडीदाराची मुलगी वकिली करते. बरं वाटायला लागल्यावर तिच्याकडे गेलो. जुना कागद तिने शेवटपर्यंत वाचला, अंगठ्याच्या ठशांवर जरा थांबली.

"काका, हा दस्त टिकणारा नाही. ज्याला समजत नाही, त्याचा अंगठा घेऊन काही उपयोग नसतो."

"मग बरंच झालं," मी म्हणालो.

"बरं कसं? टिकत नाही हे कोर्टात जाऊन सांगणार कोण? तिच्या वतीने भांडायला घरात जो माणूस आहे, तो तुम्हीच."

मी म्हटलं, विहिरीकडचं एक एकर सरळ तिच्या नावावर करून टाकतो, पाप फिटलं. ती हसली, पण मान हलवली. "करा. मग उद्या तुमच्यासारखाच एखादा प्रेमळ माणूस शाईचं पॅड घेऊन येईल."

मला राग आला. रागाला दुसरी वाट नव्हती म्हणून चहाचा कप जरा जोरात ठेवला. तिने कप बाजूला सरकवला आणि शांतपणे ट्रस्ट म्हणजे काय ते सांगितलं. तोवर ट्रस्ट म्हटलं की मला देवस्थान नाहीतर शाळा एवढंच माहीत होतं. तिने सांगितलं, घरातल्या एका माणसासाठीही करता येतो. जमीन विश्वस्तांच्या ताब्यात, पीक मात्र धाकटीचं. विश्वस्तांनी ती राखायची, विकायची नाही, गहाण टाकायची नाही. येईल ते तिच्या खाण्यापिण्यावर, औषधावर, तिला सांभाळणाऱ्या माणसावर लावायचं. ओसरीलगतची खोली आणि कट्टा ती जिवंत असेपर्यंत तिचा. तिच्या माघारी काय होईल तेही आजच लिहून ठेवायचं. शेतजमिनीचं काम जरा किचकट, वेळ लागेल म्हणाली, पण तुम्ही सगळे शेतकरीच आहात, वाट निघेल.

"विश्वस्त तीन घ्या," ती म्हणाली. "आणि तिघं एका चुलीचे नकोत."

एका चुलीचे नकोत म्हणजे आटपाडीला जाणं आलं. आक्काच्या दारात डाळिंबाची झाडं आहेत, ठिबकावर जगवलेली. तिने पाणी दिलं, गूळ दिला. मी सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, "आक्का, तुझी लेक विश्वस्त म्हणून पायजे. आणि त्या वेळी तुझीबी सही घेतली, त्याचं मला—"

"माझं सोड," ती म्हणाली. "मी सही केली ती माहेर राहावं म्हणून. सणावाराला हक्कानं यावं, आईच्या हातचं खावं, भावानं दारात उभं करून घ्यावं. पर धाकटीचं रं? तिला सासर कुठलं? तिला सगळं माहेरच. माहेर टिकावं म्हणून आमी माहेर सोडतो, आन् तू तिच्याकडनं माहेरच सोडवून घेतलंस."

एवढ्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. मी विचारलं, "तवा का बोलली न्हाईस?"

"तवा बोलले असते तर तुला वाटलं असतं, आक्का धाकटीच्या आडून सोताचा हिस्सा मागतीया."

खरं होतं. मला तसंच वाटलं असतं. मी मान खाली घातली आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहानपणी फिरवायची तसा. निघताना पिशवीत डाळिंबं भरली आणि म्हणाली, लेकीला सांगते, ती न्हाई म्हणायची न्हाई.

मी, भाची आणि तिसरा विश्वस्त मुलगा, पण तो फोनवर दुखावला. "आप्पा, मी आत्याला बाहेर काढीन असं वाटलं का तुम्हाला?"

मी म्हणालो, "न्हाई वाटलं. पण तिचा वाटा काढून घ्यायचं माझ्याबी मनात नव्हतं. तरी मीच तिचा अंगठा धरला. मनात काय हाय त्यावर जाऊ नये, बाळा."

 तो म्हणाला, बरं, कुठे सही करायची ते सांगा.

वकीलबाईंनी मला घरचा अभ्यासही दिला होता. एक वही करायची, तिच्यात धाकटीला सांभाळायचं कसं ते सगळं लिहायचं. उद्या जो सांभाळेल त्याला कायदा कळेल, पण ती कशी कळणार? मी शंभर पानी वही आणली आणि आईजवळ बसलो. आई पंच्याऐंशीच्या घरात, डोळे अधू, कान त्याहून अधू, पण धाकटीच्या बाबतीत तिचं सगळं तोंडपाठ. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.

भाकरीचा पापुद्रा आधी सोडवून द्यायचा, नाहीतर ताट ढकलते. कुत्र्याला भीत नाही, फुग्याला भिते. वेणी घालताना डाव्या बाजूने सुरुवात करायची. ताप आला तर सांगत नाही. कट्ट्यावर बसून गप्प राहिली, कुणाला जेवलास म्हणाली नाही, की कपाळाला हात लावून बघायचं. रागावलं तर रुसते, पण पाठीला पाठ लावून बसलं की आपोआप बोलते.

"पाठीला पाठ?" मी विचारलं. हे मला ठाऊक नव्हतं.

"तू व्हतास कुठं," आई म्हणाली. "तू काश्मिरात." मग जरा वेळाने, "हे कुणासाठी लिवतुयास?"

"हिला जो सांभाळंल त्याच्यासाठी."

"म्हंजी मी गेल्यावर."

"व्हय."

"मग नीट लिव्ह. खाडाखोड करू नगंस."

मी पेन ठेवलं आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. एवढा साठीला आलेला फौजी, पण रडू आवरेना. आई म्हणाली, वही भिजंल.

मसुदा तयार झाल्यावर वकीलबाई आमच्या घरी वाचून दाखवायला आल्या. ओसरीत सतरंजी टाकली. आई, मी, माझी बायको. धाकटी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती, टरफल ढिगात, दाणा तोंडात. 'माझ्या पश्चात' हे शब्द आले तसं आईने विचारलं, "पश्चात म्हंजी काय?"

"मी गेल्यावर," मी तिच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. पुढच्या कलमाला पुन्हा पश्चात. पुन्हा मी ओरडलो, "मी गेल्यावर, आई, मी गेल्यावर." चार-पाच वेळा तरी झालं असेल. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल.

निघताना वकीलबाईंच्या चपला सापडेनात. आम्ही सगळे हसायला लागलो. शेवटी शेंगांच्या टरफलांखाली निघाल्या. बायको म्हणाली, "ताई, तुमी पास झालात." त्या हसण्यात धाकटीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती हसत नव्हती हे मला फार उशिरा आठवलं.

दस्त नोंदवायच्या दिवशी धाकटीला न्यायची गरज नव्हती, पण सगळे निघालेत आणि आपण नाही हे तिला कसं चालावं? बायकोने तिला नवी साडी नेसवली, पिना टोचून घट्ट केली. आक्का आणि तिची लेक परस्पर आल्या, मुलगा पुण्याहून. आता कचेरीत संगणक आलेत, काचेवर बोट ठेवायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. माझं झालं, मुलाचं झालं, भाचीचं झालं. आक्काने साक्षीदार म्हणून सही केली, या वेळी मोठ्या अक्षरात.

वळून पाहिलं तर धाकटी बाकावर ताठ बसली होती. डावा हात पुढे, अंगठा वर, बाकीची बोटं मिटलेली. कधीपासून तशी बसली होती कोण जाणे. तिच्या लक्षात होतं. इथे आलं की दादाला अंगठा द्यायचा असतो.

वकीलबाई तिच्याजवळ वाकल्या. "ताई, आज तुम्हाला काही द्यायचं नाही. आज तुम्हाला मिळालंय."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगठा माझ्याकडे केला. "घे की."

मी तो हात दोन्ही हातांत धरला आणि तिथेच बाकावर तिच्या शेजारी बसलो.  तिचा वाटा मी घेतला, परत केला, कागदावर गुंतागुंत केली, आणि तिच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. मी पुन्हा मागितला असता तर तिने पुन्हा दिला असता.

बाहेर आल्यावर भजी खाल्ली. त्याशिवाय ती गाडीत बसली नसती. घरी पोचेपर्यंत चार वाजले. आईला सगळं सांगितलं, तिने दस्ताच्या प्रतीवरून हात फिरवला आणि ती वहीसोबत पेटीत ठेवायला लावली. चहा झाला. विहिरीकडच्या तुकड्याला, म्हणजे आता धाकटीच्या उसाला, पाण्याची पाळी होती. मोटर चालू करायला म्हणून उठलो तर दारात चपला नाहीत.

बायको म्हणाली, "तुमच्या चपलांना तर ती कवापास्नं हात लावत न्हाई." खरंच होतं. मी कायमचा घरी आलो त्या दिवसापासून तिने माझं पायताण एकदाही लपवलं नव्हतं. गरजच उरली नव्हती.

धाकटी कट्ट्यावर बसली होती, रस्त्याकडे पाठ करून. माणसं जात होती, ती कुणाला काही विचारत नव्हती. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग वहीतलं आठवलं. तिच्या पाठीला पाठ लावून बसलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तू जाणार."

"कुठं?"

"तूच म्हणलास. मी गेल्यावर, मी गेल्यावर."

मी म्हणालो, "न्हाई गं. कुठंच न्हाई जात." तिच्याशी आयुष्यात जे काही खोटं बोललो असेन त्यातलं हे एकच मला बोलावंसं वाटलं. तिची पाठ हळूहळू सैल पडली. वाटेने एक सायकलवाला चालला होता. तिने मान वळवून त्याला जेवलास का म्हणून विचारलं.

चपला मी शोधल्या नाहीत. उसाला पाणी द्यायला अनवाणीच गेलो.